गरम इंजिनाचं तेल

सुनेनं गाडी गेटात उभी करून किल्ली काढायचा अवकाश, सासरे बॉनेटपाशी हजर. हातात जुन्या बनियनचा तुकडा. आयुष्यभर एका कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस. निवृत्त झाला तरी मोजायची खोड गेली नव्हती. धान्य मोजून झालं, टाकीतलं पाणी मोजून झालं, तेव्हा त्यांची नजर सुनेच्या गाडीवर गेली. इंजिनातली तेलाची पट्टी ते उपसत, चष्मा कपाळावर चढवत आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल देत.

"सकाळी वरच्या खुणेला होतं. आता खालच्या खुणेच्याही खाली. कुठे गेली होतीस?"

"हॉस्पिटलात, बाबा. ड्यूटीवर. आणखी कुठे जाणार?"

"माणूस खोटं बोलेल, तेल बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल पुन्हा वरच्या खुणेला! दुसऱ्या कुणाच्या डोक्यात शंका आली असती. सासऱ्यांच्या डोक्यात थेट उत्तरच आलं: ही बया रात्री गुपचूप तेल ओतते. म्हणजे काहीतरी लपवते. आणि लपवायला हिच्याकडे आहे काय? माहेर.

माहेरी तिची आई एकटी होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. ड्यूटी संपली की सून तिच्याकडे डोकावून, दोन घास भरवून घरी येई. पट्टीची कटकट सुरू झाल्यावर तिनं ते कमी केलं. मग बंदच केलं. आईला फोनवर 'काम फार आहे' म्हणून सांगायची आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग यायचा. तरी संध्याकाळी तेल खालीच.

नवरा गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात कामाला होता. दिवसभर लोकांच्या गाड्यांची दुखणीखुपणी ऐकायची, हाच त्याचा धंदा. त्याला विचारलं तर म्हणाला, "जुनी गाडी आहे, पीत असेल तेल," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तिला पटलं. घरचा माणूस, त्यातून त्याच धंद्यातला.

एका संध्याकाळी सासऱ्यांचे जुने सोबती गप्पा ठोकायला आले आणि पट्टी बघायची राहून गेली. मंडळी उठल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, तर तेल वरच्या खुणेला.

"आज सरळ घरी आलीस वाटतं," ते खूश होऊन म्हणाले.

रस्ता खोदून ठेवलेला म्हणून त्या दिवशी ती नेहमीपेक्षा दुप्पट लांबून आली होती. ती जागच्या जागी थबकली.

रविवारी तिनं सासऱ्यांना शेजारी बसवून गाडी गावभर फिरवली आणि गेटाबाहेर सपाट रस्त्यावर आणून बंद केली. "बघा आता."

तेल खालच्या खुणेच्या खाली.

"आता इथेच बसा. मला गाडीला हातसुद्धा लावू देऊ नका." तिनं खुर्ची आणून दिली. सासरे हाताची घडी घालून पहाऱ्याला बसले. नवरा मजा बघत गेटाला टेकून उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आधी पुसा. पूर्ण आत घाला. आता काढा."

वरची खूण. त्यांनी पट्टी पुन्हा पुसली, पुन्हा घातली. वरचीच खूण.

"इंजिन चालू असताना तेल वर खेळतं, बाबा. बंद केल्यावर खाली उतरायला वेळ लागतो. तुम्ही तो देतच नव्हता."

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. भांडारात एक खिळा कमी भरला तर ज्याला जेवण जात नसे, तो माणूस इतके दिवस चुकीचं मोजत होता. "चुकलं माझं," ते पुटपुटले. मग मुलाकडे वळले. "अरे, तुला तरी ठाऊक असेल हे?"

"ठाऊक आहे की," नवरा म्हणाला. "नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही."

"मग बोलला का नाहीस?" तिनं विचारलं.

"कशाला बोलू? तू वेळेवर घरी यायला लागलीस. आईकडच्या चकरा आपोआप थांबल्या. मला तोंड उघडावं लागलं नाही की भांडण झालं नाही. कुणाचं काय बिघडलं?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यांना निदान मोजता येत नव्हतं. याला येत होतं, आणि यानं त्या म्हाताऱ्याला आयता पहारेकरी करून ठेवला होता. तिनं बॉनेट आपटलं आणि गाडीत बसली. तो "अगं, जेवण?" म्हणेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती.

आईला दारापर्यंत यायला बराच वेळ लागला. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत ती आली. लेकीला बघून तिनं आधी स्वतःचे विस्कटलेले केस सारखे केले, एखाद्या परक्यासमोर करावेत तसे. मग दबक्या आवाजात विचारलं,

"माझं काही चुकलं होतं का गं?"