चोवीस अक्षरं

माझ्या थोरल्या भावाची नोकरी चार अक्षरांनी खाल्ली.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी औषधाचे पंप बनवते. पंपावर पेशंटच्या नावाचा रकाना आधी चोवीस अक्षरांचा होता. आमच्या साहेबांनी, सगळं ऑफिस पाठीमागे ज्यांना ‘सर्वज्ञ’ म्हणतं त्यांनी, तो वीसचा केला. पण पंपाच्या सी या संगणकभाषेतल्या कोडमध्ये नाव कॉपी करणाऱ्या ओळींत हाताने लिहिलेला चोवीसचा आकडा तसाच ठेवला. एक पेशंट लांबलचक नावाचा निघाला. जादा चार अक्षरं शेजारच्या डोसच्या रकान्यात घुसली. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. सर्वज्ञांनी खापर टेस्टरवर, म्हणजे माझ्या दादावर फोडलं. त्याला काढलं आणि त्याच्या जागी कोणाला घेतलंही नाही. तेव्हापासून दादा घरात तोंड लपवून बसतो. मला सर्वज्ञांची जिरलेली बघायची होती, बस्स.

त्या प्रकारामुळे दुरुस्त पंपाची सरकारी तपासणी ठरली, तसं त्यांनी मला बोलावलं.

“नाव कॉपी करणाऱ्या सगळ्या ओळी काढ, त्यांच्या जागी एकच हेल्पर फंक्शन घाल. माझी फाईल सोडून, ती मी बघतो. आणि भावासारख्या डुलक्या काढू नकोस.”

“हो सर,” म्हटलं आणि दातओठ खात कामाला लागले. माझं फंक्शन रकान्याची जागा स्वतः मोजतं. किती अक्षरं न्यायची तो आकडा त्याच्या कंसात द्यायचा; तो जागेपेक्षा मोठा असला, तर नाव कितीही छोटं असो, कॉपी करतच नाही. पंप थांबवतं आणि चुकलेली ओळ पडद्यावर दाखवतं.

सर्वज्ञांनी आपली फाईल बदलून माझ्या नजरेखालून जावी म्हणून पाठवली. फंक्शन माझंच होतं, आणि त्याच्या कंसात, हाताने लिहिलेला, चोवीस. खोड काही गेली नव्हती. एका शब्दात सांगता आलं असतं. पण हा पंप अजून कुठल्या पेशंटला लागणार नव्हता. जाणार होती ती सर्वज्ञांची अब्रू. मी ‘ठीक आहे’ लिहिलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

तपासणीत त्यांनी ऐटीत स्वतःचंच तीन अक्षरी नाव टाकलं. पंप किंचाळून थांबला. पडद्यावर त्यांची फाईल, त्यांची ओळ: अक्षरं चोवीस, जागा वीस.

तपासणीच्या बाई पुढे वाकल्या. “मागच्या वेळीही हेच झालं होतं ना? ही फाईल कोणाची?”

“सरांची. तिला दुसरं कोणी हात लावत नाही,” मी म्हणाले.

“हे टेस्टिंगमध्येच सापडायला हवं होतं!” सर्वज्ञ सवयीने ओरडले. “टेस्टर काय करत होता?”

“टेस्टर घरी आहे, सर,” मी म्हणाले. “फोन लावू?”