गाडी विकायची नाही

खड्डा आला की गाडीच्या पुढच्या बाजूला खालून खट्ट वाजायचं. गॅरेजवाल्याने चाक उचलून हलवून पाहिलं. "बॉल जॉइंट गेलेत काकू, चाकांचे सांधे, दोन्हीकडचे. एखादा निखळला तर चाक आडवं पडेल. पण एवढ्या जुन्या गाडीत आता हात कोण घालणार? काढून टाका."

मुलाला तेवढंच निमित्त हवं होतं. "रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो," तो फोनवर म्हणाला. "तुम्हाला कुठं जायचं असलं की मला सांगायचं. मी आहे ना."

तो होता, यात वाद नव्हता. पण गेल्या महिन्यात त्याला सांगून बाबांच्या डोळ्यांचे थेंब यायला नऊ दिवस लागले होते.

बाबांनी चौतीस वर्षं बसच्या वर्कशॉपात फिटरचं काम केलं होतं. आता काचबिंदूने नजर नेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. गाडी चालवायची ती आई, पोस्टातून निवृत्त झालेली.

"अहो, हे काम घरी होतं का?" तिने विचारलं.

"होतं. पण मला दिसत नाही."

"मला दिसतं. मला येत नाही, एवढंच."

कितीतरी दिवसांनी बाबा हसले.

शनिवारी तिने नवे सांधे आणि पिना आणून ठेवल्या. रविवारी चहा आटोपताच दोघं कामाला लागली. तिने मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकने उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले.

"आता धक्का मार," बाबा स्टुलावरून म्हणाले. "जोरात. पडायची असेल तर आत्ताच पडू दे, तू खाली असताना नको."

गाडी पडली नाही. तिने डावं चाक काढलं, नटातली पिन उपसली. "नट पूर्ण काढू नकोस, चार आटे सैल कर. आता हातोडा. सांध्यावर नको, तो ज्या भोकात बसलाय त्या लोखंडाला बाजूने हाण."

दहा घाव झाले, काही हललं नाही. खांदा भरून आला.

"कुणाची तरी आठवण काढ," बाबा म्हणाले.

तिने ते नऊ दिवस आठवले. तिसऱ्या घावाला सांधा सुटला. बाबांनी तो चाचपला. "दातासारखा हलतोय."

"तुमचे कुठं हलतात, पडले सगळे."

नवा सांधा बसला, तिने नट आवळला, नवी पिन वाकवली. उजव्या बाजूला ती गाडीखाली असताना मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन हजर झाला. त्याला आधी दिसले ते आईचे पाय.

"आई, हे काय चाललंय?"

"तो एकोणीसचा पाना दे."

"या वयात शोभतं का? लोक बघतायत."

"बघू देत. पाना दे."

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

"मला काही दिसत नाही रे," बाबा शांतपणे म्हणाले.

गिऱ्हाईक डाव्या बाजूला उकिडवं बसलं. "हे कुणी बसवलं?"

"मी," गाडीखालून आवाज आला.

"पिन नीट वाकवलीय. आता तर मी चार पैसे जास्तच देईन."

ती सरपटत बाहेर आली. कपाळावर ग्रीस, केसांत माती. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, त्याचं वाईट वाटतं. चहा घ्या. पण गाडी विकायची नाही."

मुलाने आईकडे पाहिलं. मग त्याने पाना तिच्या हातात दिला.

सगळं झाल्यावर बाबांनी एकेक नट बोटांनी तपासला, दोन पुन्हा आवळायला लावले. गाडी किंचित डावीकडे ओढत होती, म्हणून सोमवारी सावकाश नेऊन दोघांनी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. तिथून घराकडे वळायचं होतं. तिने वळवली नाही.

"कुठं चाललीस?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या बहिणीकडे. दीड वर्ष झालं."

तास-दीड तासाने फोन वाजला. बाबांनी चाचपून उचलला.

"घरी कुणीच नाही. कुठं आहात तुम्ही?" मुलगा विचारत होता.

"लांब आहोत," बाबा म्हणाले. "आई गाडी चालवतेय. संध्याकाळी बोलू."