पहिल्या टेबलावरचे ते

औरंगपुऱ्यातल्या त्या टँकरच्या ऑफिसात चहा खारट लागला, की समदे आधी रामहरीकडं बघायचे. पन्नाशी गाठली तरी गड्याची खोड काय जाईना. नवी पोरगी सुकेशनी कामावर आली, त्याच दिवशी त्यानं तिच्या माऊसखाली चिकटपट्टी लावली व्हती. मग आज स्क्रीनवर प्रश्नचिन्हं उगवल्यावर ती दुसऱ्या कुणावर घसरणार?

"काका, काय केलं तुम्ही?"

"म्या? म्या तर शेंगदाणे खातोय."

"मग हे बघा!"

रामहरी वाकला. पोरीनं टँकरच्या फेऱ्या आपोआप लावायला कॉम्प्युटरात मॅक्रो लिहिला व्हता. एकेका वसाहतीचं एकेक शीट. शीटच्या खाली नाव कसं ठणठणीत: माऊलीनगर. अन् तेच नाव कोडच्या खिडकीत टाईप केलं, की नुसती ????????. बटण दाबलं, की ओळ पिवळी अन् वर एरर.

"काय म्हणतंय ते?"

"असल्या नावाचं शीटच नाय म्हणतंय. कसं सापडंल? नावाच्या जागी प्रश्नचिन्हं भरलीत तुम्ही."

"पोरी, तुझ्या गळ्याची आण…"

"माझा गळा ऱ्हाऊ द्या. चिकटपट्टीच्या टायमाला बी तीच आण घेतली व्हती."

रामहरीच्या घशात शेंगदाणा अडकला. आयुष्यात एकदा खरं बोलावं, तर ही गत! पाऊस दडी मारून बसलेला, बोअर कोरड्या, अन् शहर हाये की रोज नव्या वसाहती काढतंय. हातानं यादी करून मेळच लागंना. मालक नानासाहेब चारला मॅक्रो बघायला येणार व्हते. चालला तर पोरगी पक्की, नाय तर परत गावाकडं, वैजापूरची एसटी. शब्द टाकून तिला इथं चिकटवली कुणी? रामहरीनंच.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. सुकेशनीनं उचलला.

"ते हायेत का?" बाईमाणसाचा आवाज.

"ते म्हंजे कोण, मावशी?"

"आमचे."

"नाव सांगा की."

"अगं बया, नाव कसं घेऊ? दारातून आत आलं, की पहिल्या टेबलावर बसत्यात बघ, ते!"

सुकेशनीनं पहिल्या टेबलाकडं बघितलं. मग स्क्रीनकडं. फोन रामहरीच्या हातात कोंबला अन् कीबोर्डवर तुटून पडली. प्रश्नचिन्हं खोडली, तिथं नुसता इंग्रजी 1 आकडा घातला. पहिलं शीट. बटण दाबलं. पिवळी ओळ गायब!

"काका, ह्या खिडकीला मराठी नावच घेता येत नाय. मावशीवाणी हाय. पहिलं, दुसरं म्हणलं की बराबर वळखती!"

"म्हंजी म्या सुटलो?"

"सुटलात."

"मंजुळे," रामहरी फोनमधी वरडला, "तू नाव घेत नाय तेच बरंय बघ!"

"ऑफिसात समद्यांसमोर नाव घेता व्हय माझं?" तिकडून फोन आपटला.

नानासाहेब आले. बटण दाबलं, तशी प्रिंटरातून यादी सरसर बाहेर. वसाहत, गाडी, डायव्हर, समदं जागच्या जागी. "लई झ्याक! उद्यापासून यादी हिचीच," म्हणत ते शेवटच्या ओळीवर थबकले.

"हे काय रं? 'पहिल्या टेबलावरचे ते: बादली घेऊन, पायी'?"

रामहरीनं वळून बघितलं. सुकेशनी त्याचेच शेंगदाणे खात बसली व्हती.

"तुमच्या गळ्याची आण, काका," ती म्हणली. "म्या नाय."