दोन बाळंतिणी

खडवलीला हौसाबाईच्या घरी एकाच दिवशी दोन बाळंतपणं झाली. लेक शकूला मुलगी झाली आणि भिंतीपलीकडच्या गोठ्यात म्हशीला रेडकू. जावई तिकडे मोहने गावच्या नव्या कारखान्यात पाळीवर, तेव्हा घरात राज्य हौसाबाईचं. तिने दोघींना एकच न्याय लावला. ऐन वैशाखात दारा-खिडक्यांना गोणपाटं, शकूच्या बाजेखाली शेगडी, गोठ्यात धुरी. पाचवी पुजेपर्यंत वारा नाही की गार पाणी नाही. माहेरची माया म्हणतात ती ही.

तिसऱ्या दुपारी शकूला भिंतीपलीकडून म्हशीचं धापणं ऐकू आलं. म्हैस घामाने निवत नाही, तिला डुंबायला पाणीच लागतं, हे हौसाबाईला काय ठाऊक नव्हतं?

"आये, म्हस जाईल गं. नदीवर सोड तिला."

"वली बाळंतीण ती. पान्यात घातली तर वातानं मरंल. गप पड, पोरगी निजलीय." हौसाबाई सरपणाला निघून गेली.

धाप वाढत गेली आणि एकदम थांबली. पाचवीआधी उंबरा ओलांडायला शकूला सटवीची भीती वाटत होती, तरी ती उठून गोठ्यात गेली. म्हैस जीभ बाहेर टाकून आडवी पडली होती. शकूने तिच्या डोक्यावर घागर ओतली, दावं सोडलं. दुसऱ्या घागरीला म्हैस लटपटत उठली आणि परसामागच्या नदीकडे सुटली.

शकू काठावर पोचली तेव्हा म्हैस नाकापर्यंत पाण्यात बसली होती. तिचा श्वास हळूहळू संथ होत होता. हौसाबाई मोळी टाकून आली ती तोंडाचा पट्टा सोडतच. पण म्हैस तरलेली बघून शकूकडे वळली.

"पोरीपाशी कोन हाय?" तिने विचारलं.

"निजलीय. सकाळधरनं रडली पन न्हाय."

बोलता बोलता शकूची जीभ अडखळली. गोठ्यासारखीच कोंडलेली खोली, बाजेखाली शेगडी, आणि तीन दिवसांचा जीव कुंचीत नि दुपट्यांत गुंडाळलेला. दोघी धावत सुटल्या.

हौसाबाईने गोणपाट ओरबाडलं, शेगडी अंगणात फेकली. शकूने दुपटी सोडली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ सुकले होते. शकू ओल्या फडक्याने तिला पुसत राहिली, छातीशी धरत राहिली, पण पोर दूध ओढेना.

"रड गं बाये," हौसाबाई हात जोडून म्हणत होती, "एकदा रड."

कितीतरी वेळाने पोर कण्हली, आणि मग घर डोक्यावर घेऊन रडली. तिला गप्प करायचा धीर दोघींनाही झाला नाही.