उसना नेलेला रिव्हॉल्व्हर

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका शेतघरात, फ्रिजवर ठेवलेल्या लोखंडी पेटीत माझा मुक्काम असतो. मला सहा घरे आहेत आणि सध्या सहाही रिकामी आहेत. सगळी घरे रिकामी पडली म्हणून छाती फुगवणारा मालक तुम्ही पाहिला नसेल, मित्रांनो. म्हणूनच ही हकिगत सांगतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. तिथे माझ्याबरोबर चांदीसारखी चकाकणारी, नक्षीदार मुठीची भावंडेही घडत होती. माझ्या वाट्याला साधा काळसर निळा रंग, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि वीतभरही न भरणारी नळी आली. पहिली काही वर्षे मी एका गावच्या हवालदाराच्या कमरेला काढली. त्याने मला कधी बाहेर काढले नाही. त्याचा आवाजच पुरेसा होता. तो निवृत्त झाला आणि मी बियाणे व पशुखाद्याच्या दुकानात, जंताच्या औषधाशेजारी, काचेखाली येऊन पडलो.

तिथे एका सकाळी एल्डन आणि व्हर्नीस कोपेट्स्की आले. नवे लग्न, नवे शेत. एल्डनची नजर थेट माझ्या शेजारच्या लांब नळीच्या रुपेरी भावंडावर गेली.

"हा बघ, व्हर्नीस! यानं अस्वलसुद्धा आडवं होईल."

"आपल्याकडे अस्वल आहे कुठे?"

"आलं तर?"

"आलं तर जेवायला वाढू. बिचारं किती लांबून आलेलं असेल."

दुकानदार ड्वेनने नेमके काम काय, असे विचारले. व्हर्नीस घरूनच ठरवून आली होती. "खुराड्यात शिरलेला साप. पाय मोडलेलं वासरू. नोव्हेंबरातला डुक्कर कापायचा दिवस. आणि हा ट्रॅक्टरवर असताना अंगणात आलेला अनोळखी माणूस."

"एकाच हत्यारात एवढं सगळं? तेही स्वस्तात?"

"नवराही एकच आहे की. तोच सगळी कामं करतो. आणि तोही काही महागातला नव्हता."

ड्वेनने मला काचेखालून काढले. व्हर्नीसने मी रिकामा असल्याची खात्री करून घेतली, मला जमिनीकडे रोखून तोलले आणि मग एल्डनच्या हातात दिले. "माझ्या हातात मावतो, तुझ्याही मावतो. तो रुपेरी उचलायला मला दोन्ही हात लागतील, आणि तोवर साप काही थांबणार नाही." माझ्यात सौम्य गोळी चालते, जबर गोळीही चालते, सापासाठी छर्ऱ्यांचे काडतूसही चालते, हे ड्वेनने सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला.

"शेणात पडला तर?"

"धुवायचा, पुसायचा, तेल लावायचं."

"मग हाच."

रुपेरी भावंडाच्या निम्म्या किमतीत मी गेलो. उरलेल्या पैशांत तिने ही कुलपाची पेटी घेतली. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत गेली, माता मेरीच्या बिल्ल्याशेजारी. एल्डन घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. नंतरही वर्षभर कुणी माझे कौतुक केले, की तो म्हणायचा, "ठीक आहे. अस्वल आल्यावर बघू."

अस्वल आले नाही. बाकी सगळे आले. खुराड्याच्या दारात वेटोळे घालून बसलेला खुळखुळ्या साप आला. बर्फावरून घसरून पाय मोडलेले वासरू आले. त्या दिवशी एल्डनने टोपी काढली, एकच गोळी चालवली आणि कोठारामागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. डुकराच्या दिवशी माझे काम पापणी लवायच्या आत संपत असे, पुढे दिवसभर सॉसेज भरणाऱ्या बायकांचे चाले. चर्चच्या सहलीत पोत्यांच्या शर्यतीला इशारा द्यायला मला फुसकी काडतुसे घालून नेत. एकदा तर एल्डनने कुंपणाचा खिळा माझ्या मुठीने ठोकला. तो ओरखडा अजून आहे. सर्वोपयोगी म्हणवून घेतले, की असले दिवस बघावे लागतात.

अनोळखी माणूसही आला, भर दुपारी. व्हर्नीसने मला ऍप्रनच्या खिशात घातले आणि दार उघडले. दारात विक्रेता होता. मी खिशात असूनही तिने व्हॅक्यूम क्लीनर विकत घेतला. काही शत्रूंपुढे माझा इलाज चालत नाही.

रस्त्यापलीकडे अल्मा टीट्जेन राहत असे. नवरा गेलेला, मुले दूर शहरांत, जीभ जवळच. तिचा एक रिवाज साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. उसनी नेलेली वस्तू ती दिवस मावळायच्या आत परत करी, आणि रिकामी कधीच नाही. केकचे भांडे भरून येई, हे ठीक. पण शिडी परत आली, तेव्हा तिच्या पायरीला बीटच्या लोणच्याची बरणी बांधलेली होती. ढकलगाडी आली ती भोपळे घेऊन. "हिला बायबल उसनं दिलं तर आत बेकन घालून परत करील," असे एल्डन म्हणायचा.

मित्रांनो, अशी कितीतरी वर्षे गेली. मग एका वसंतात व्हर्नीस आजारी पडली आणि मका पिवळा पडायच्या सुमारास गेली. साखळीतली किल्ली एल्डनच्या खिशात आली. त्याने गाई विकल्या. कोंबड्या वाटून टाकल्या. डुक्कर त्या वर्षी आणलेच नाही. ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याने पेटी उघडली आणि मला जेवणाच्या टेबलावर ठेवले. शेजारी तेलाची बाटली होती, फडके होते. त्याने त्यांना हात लावला नाही. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळीही तेच.

मला माझी कामे पाठ आहेत. त्या खोलीत साप नव्हता. वासरू नव्हते. अनोळखी माणूस तर नव्हताच. फक्त एल्डन होता, आणि मी होतो. माझ्यासारख्याला घाम फुटत नाही, म्हणून निभावले.

दार न ठोठावता अल्मा आत आली. हातात कोंबडी आणि शेवयांचे भांडे होते. तिने माझ्याकडे पाहिले, कोरड्या फडक्याकडे पाहिले आणि भांडे बरोबर माझ्या व एल्डनच्या मध्ये ठेवले.

"एल्डन, तुझा हा रिव्हॉल्व्हर दे बरं. माझ्या कोठीत स्कंक शिरलाय, तो घाण वास सोडणारा."

"तुझ्याकडे नवऱ्याची बंदूक आहे की."

"ती लांब आहे. कोठी लहान आहे."

तिने मला उचलले, माझी चक्री उघडून सगळी काडतुसे ओंजळीत घेतली. "बाकीच्या गोळ्या कुठे आहेत?"

"एवढ्या कशाला?"

"स्कंक मोठा आहे. आणि ती भिंतीवरची दुनळी बंदूकही दे."

"ती आणि कशाला?"

"त्याला भाऊ आहे."

अशा रीतीने मी उसना गेलो. अल्माच्या कपाटात, नाताळच्या काचसामानामागे, कुलपात माझी सोय झाली. दाराच्या फटीतून तिचे स्वयंपाकघर दिसे. जाता जाता मी तिची कोठी पाहिली. तिथे बटाटे होते. स्कंक नव्हता, आणि त्याचा भाऊही नव्हता.

दिवस मावळला. अल्माने मला परत केले नाही. दुसराही मावळला. एल्डन रस्ता ओलांडून आला.

"स्कंक मिळाला?"

"वास येतोय अजून."

एल्डनने नाक फेंदारले. "मला तर ऍपल पायचा वास येतोय."

"मग बस ना. उभ्यानं वास कसला घेतोस!"

तो बसला. त्याने ऍपल पाय दोनदा मागून खाल्ला. मग अल्मा त्याच्यासमोर बसली आणि जिभेची धार बाजूला ठेवून म्हणाली, "एल्डन, त्या दिवशी तू तो साफ करत नव्हतास."

एल्डनने काटा बशीत ठेवल्याचा आवाज मला कपाटात ऐकू आला.

"नव्हतो," एल्डन म्हणाला.

"मरायचा विचार होता?"

"होता." मग बशी सरकवत, "सकाळचा जास्त असतो."

"मग सकाळची कॉफी इथे. आणि सोमवारी गावात डॉक्टरकडे जायचं. गाडी मी चालवणार."

"तू चालवणार?" एल्डनने डोके वर केले. "मग तर मला आत्ताच मरायची भीती वाटायला लागली."

व्हर्नीस गेल्यापासून त्याने केलेला तो पहिला विनोद होता. अल्मा इतकी हसली, की माझ्यापुढचे पेले किणकिणले. मी बरेच बार ऐकलेत, मित्रांनो. एवढा खणखणीत आवाज त्यांतल्या एकाचाही नव्हता.

सोमवारी दोघे जिवंत परत आले. डॉक्टरने गोळ्या दिल्या, माझ्यातल्या नव्हेत, गिळायच्या. हिवाळाभर एल्डन सकाळी कॉफीला येत राहिला. काही सकाळी तो गप्प बसे, आणि तेव्हा अल्मा त्याला बटाटे सोलायला देई. स्कंकची चौकशी दोघेही गंभीरपणे करत. नाताळच्या सुमारास त्या स्कंकचे लग्नही झाले होते.

बर्फ वितळल्यावर एल्डन सरळ म्हणाला, "अल्मा, आता माझा रिव्हॉल्व्हर दे."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

"हे काय कारण झालं? व्हर्नीसनं दुकानात चार कारणं सांगितली होती. ती मला कितीदा तरी ऐकवायची! तुझं एक तरी सांग. तुझ्याकडे राखायला आहे काय आता? व्हॅक्यूम क्लीनर?"

एल्डन तावातावाने उठला आणि गाडी घेऊन गेला. अल्मा खिडकीपाशी उभी राहिली, हातातले फडके पिळत. फडके कोरडे होते. इतका वेळ ती गप्प राहिलेली मी कधी ऐकली नव्हती. दुपारी गाडी परत आली. अंगणात येऊन एल्डनने एक खोका दणकन पायरीवर ठेवला. आत पिवळी पिल्ले चिवचिवत होती.

"हे घे कारण!" तो ओरडला. "सगळं खुराडं भरेल एवढं!"

"कोंबडीचोर रॅकून येईपर्यंत त्यांना काही भीती नाही," अल्मा म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

रॅकून आला, पिल्लांच्या कोंबड्या झाल्यावर. एक कोंबडी गेली. त्या सकाळी एल्डन कॉफी प्यायच्या आधीच बोलू लागला. कोंबडीचे नाव घेऊन बोलत होता, शिव्या देत होता, खुराड्याच्या दाराला नवी कडी कशी बसवणार ते सांगत होता, पुढच्या वर्षी अंडी कुणाला द्यायची तेही सांगत होता. अल्माने सगळे ऐकून घेतले. मग ती उठली आणि तिने कपाट उघडले.

तिने मला स्वच्छ पुसले, तेल लावले आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात ठेवले. एल्डनने चक्री उघडून पाहिली. मग त्याने टॉवेल झटकून पाहिला.

"रिकामा?" तो म्हणाला. "तू? रिकामी वस्तू परत देतेस?"

"गोळ्या माझ्याकडे राहतील. दुनळीच्याही. लागतील तेव्हा मागायला यायचं."

एल्डनने चक्री बंद केली. "आणि रॅकून?"

"त्याला सांग, एल्डन गोळी आणायला गेलाय. थांबेल तो."

कडी पक्की बसली. रॅकून अजून आहे. कुंपणावर बसतो आणि चांगला पोसलेला दिसतो. एल्डन रोज सकाळी मला पेटीत कुलूपबंद करून त्याच्यासाठी गोळी आणायला रस्त्यापलीकडे जातो, कॉफी पिऊन येतो आणि गोळी आणायची विसरतो.

मित्रांनो, मला तेल लावा, कुलपात ठेवा, हे तर आहेच. पण एखाद्या ओळखीच्या घरातली जनावरे विकली गेली, कोंबड्या वाटल्या गेल्या आणि टेबलावर कोरडे फडके दिसले, तर दारात घुटमळू नका. आत जा आणि काहीतरी उसने मागा. परत करायची घाई नको. स्कंक मोठा आहे म्हणावे.