वरून खालपर्यंत

मेरेओनीने शिफ्ट धरून एंटर दाबलं आणि रेवा नदीच्या पाणीपातळीची निळी रेघ पडद्यावर चढत गेली. फिजीची राजधानी सुवा, तिथल्या त्या छोट्या पूर-संशोधन संस्थेच्या संचालक केलेरा मॅडम चष्मा पुसत बघत होत्या. त्यांना पटलं, तर या पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना मेरेओनीने लिहिलेल्या प्रोग्रामच्या नोटबुकवरून इशारा जाणार. नाहीतर जुनंच चालू. जुन्याचा इशारा गेल्या पुरात तिच्या मावशीच्या दारी पोचला तेव्हा चुलीत पाणी शिरलेलं होतं.

"अख्खी नदी चिरून कप्प्याकप्प्यांत ठेवलीस," शेजारचा इसोआ म्हणाला. "कालवण करायचंय का?"

"चिरल्याशिवाय काटा सापडत नाही. तुझ्यातला अजून सापडलेला नाही."

जुनं नोटबुक इसोआचं. नदीचा क्लास, म्हणजे तिच्या सगळ्या कामांचा साचा, त्याने नोटबुकच्या एकाच कप्प्यात, एकाच सेलमध्ये, सलग लिहिला होता. मेरेओनीने पहिल्या सेलमध्ये नुसता सांगाडा ठेवला. पुढे प्रत्येक सेलमध्ये एकच काम, ते सांगाड्याला जोडायचं आणि लगेच खाली त्याची चाचणी. टोमण्यांचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण दोघांची गावं तौवू. अशा गावांनी एकमेकांची खुशाल टर उडवावी, न विचारता वस्तू उचलावी, आणि ज्याची जाईल त्याने रागवायचं नाही.

"पण मेरे, यंत्र पुसलेल्या सेलमधलंही लक्षात ठेवतं," केलेरा मॅडम म्हणाल्या. "जुनं तिथेच फसलं. ही रेघ आजच्या लिखाणाची, की कालच्या उष्ट्याची?"

मेरेओनी काही बोलणार, तोच इसोआने हात लांबवून तिच्या लॅपटॉपवर 'सगळं पुसून रीस्टार्ट' दाबलं. रेघ गेली. यंत्राची पाटी कोरी झाली.

काल संध्याकाळी तिने दोन सेल वर-खाली केले होते, आणि त्यानंतर कोऱ्या पाटीवर एकदाही चालवून पाहिलं नव्हतं. पण तौवूवर रागावणार कसं? तिने सगळे सेल वरून खालपर्यंत चालवायला लावले.

एक, दोन, तीन. चाललेल्या सेलशेजारी आकडे उमटू लागले. हलवलेल्या सेलपाशी 'अजून चालू आहे' सांगणारी चांदणी रेंगाळली, आणि मग तिथेही आकडा आला. खालच्या साऱ्या चाचण्या पास झाल्या. निळी रेघ पुन्हा चढली, आधीइतकीच उंच.

"या पावसाळ्यात हेच," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

मेरेओनीचा आनंद गगनात मावेना. तिने सरळ इसोआचा डबा ओढला आणि नारळाच्या दुधातल्या माशात उकडलेला कसावा कंद बुडवून खायला लागली.

"रागवायचं नाही," ती म्हणाली.

"खा. सगळा संपव."

डबा ठेवायला जागा करताना तिचा धक्का लागून त्याचा लॅपटॉप जागा झाला. पडद्यावर तिचंच नोटबुक होतं, हलवलेल्या सेलसकट, आज सकाळी न विचारता उचललेलं. शेजारचे आकडे एकपासून शेवटपर्यंत ओळीने होते, कुठेही खंड नाही; कोऱ्या पाटीवर वरून खालपर्यंत चालवल्यावरच येतात तसे.

इसोआ खिडकीबाहेर बघत होता.

मेरेओनीने माशाचा मोठा तुकडा उचलून परत डब्यात ठेवला आणि डबा त्याच्यापुढे सरकवला.