दोनदा निवलेला पेला

मी एक जुना काचेचा पेला आहे. बुडाशी जाड, काठाला किंचित तिरका. पण मित्रांनो, मीही कधीकाळी मधासारखा वाहत होतो. भट्टीत माझे कण नुसते हुंदडत होते. कारागिराने नळीतून फुंकून मला आकार दिला.

मग मी निवू लागलो आणि कणांची दाटी झाली. प्रत्येकाला शेजाऱ्यांनी घेरलं. एकाला सरकायचं तर चौघांनी मिळून सरकायला हवं. होता होता जो जिथे होता तिथेच थबकला. रांगेत उभं राहणं कुणालाच जमलं नाही. काच म्हणतात ती हीच. घाईने निववलं तर कण अवघडून राहतात, म्हणून आम्हाला मंद आचेच्या दुसऱ्या भट्टीत सावकाश निववतात. तिचं दार कारागीर कुणालाही उघडू देत नसे.

पण तेव्हा त्याचं लग्न नवं होतं. बायको सकाळीच माहेरी निघाली होती आणि भावजयीला दाखवायला तिला मी हवा होतो. "झालं का हो?" असं तिने इतक्यांदा विचारलं की त्याने नियम गुंडाळून ठेवला आणि वेळेआधीच दार उघडून मला बाहेर काढलं. मी बाहेरून थिजलो; आतले कण अजून जागा शोधत होते. ते तसेच अवघडून राहिले.

"यात गरम काही ओतू नकोस, तडकेल," त्याने बजावलं.

माहेरी माझं केवढं कौतुक झालं! ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पुढे ती मला जपू लागली आणि जपता जपता फडताळात मागे सारून विसरली. तिला सदा चहा लागे. मला त्याचा नुसता वास येई.

भट्ट्या कायमच्या विझवायची वेळ आली तेव्हा म्हातारा झालेल्या कारागिराने मला फडताळातून बाहेर काढलं. "पुन्हा तापवून नीट निववतो. आपल्यामागे कुणीतरी यात गरम ओतेल."

"अहो, तापवताना फुटला तर? त्या दिवसांतलं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"फुटेलही," तो म्हणाला.

तिने मला पदराने पुसलं. मग तिनेच मला आत ठेवलं.

मी घाबरलो होतो. ऊब हळूहळू आत शिरली. आकार बदलला नाही, पण अवघडलेले कण जरा जरा सरकले आणि मला मोकळं वाटलं. निवताना मात्र म्हाताऱ्याचा हात दाराकडे गेला.

"बघू का जरा?"

"हात मागे घ्या," ती म्हणाली. "मला आता कुठे जायचं नाहीये."

मित्रांनो, तापून आलेल्याला सावकाश निवू द्या. मध्येच दार उघडू नका.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात वाफाळता चहा ओतला. दोघंही श्वास रोखून बघत होते. मी तडकलो नाही. पहिला घोट तिने त्याला दिला.